इंदोऱ्याचं अंगण

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडा असतो. त्या दिवशी वर गेलेल्या नागपूरकरानं पूर्वेकडे तोंड करून थोडा वेळ थांबावं. पायथ्याशी बर्डीचा बाजार, मग रेल्वेचे रूळ आणि लोहापूल, पलीकडे कॉटन मार्केट, शुक्रवारी तलाव आणि त्यामागे भोसल्यांचं जुनं शहर. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर इंग्रजांपुढं भोसल्यांची फौज हरली आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. साहेबाचं नागपूर टेकडीच्या पश्चिम अंगाला वाढलं, देशी नागपूर पूर्वेला राहिलं. दोन्हींच्या मधल्या सखल, पाणथळ पट्ट्यात, तलावाच्या काठाला, १ जानेवारी १८७७ रोजी एक कापड मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस.

मिल आज नाही. तिच्या जागेवर मॉल आहे, उंच इमारती आहेत आणि समोरच्या रस्त्याला सर बेझनजी मेहतांचं नाव आहे. एम्प्रेसचा इतिहास आपल्याकडे टाटांच्या चरित्रातलं पहिलं यशस्वी पान म्हणून सांगितला जातो, नाहीतर नागपूरच्या उद्योगांच्या ऱ्हासाची कथा म्हणून. मला तिच्याकडे एक रचना म्हणून पाहायचं आहे. कवितेच्या ओळी जितक्या मन लावून वाचतो तितक्याच मन लावून एखाद्या कारखान्याची मांडणी वाचता येते, असं मला मनापासून वाटतं. तिथंही कोणीतरी निवड केलेली असते: काय कुठं ठेवायचं, कशाला जोर द्यायचा आणि काय मोकळं सोडायचं.

पहिली निवड जागेची. १८७० च्या आसपास देशात कापड गिरणी म्हटलं की मुंबईच डोळ्यांपुढं येई. जमशेटजी टाटांनीही आधी चिंचपोकळीला अलेक्झांड्रा मिल चालवली आणि दोनच वर्षांत ती विकली. मग ते लँकेशायरला जाऊन तिथला धंदा पाहून आले. परतल्यावर त्यांनी उलटी दिशा धरली. कापूस मुंबईला न्यायचा, तिथून मँचेस्टरला धाडायचा आणि त्याचंच कापड पुन्हा वऱ्हाडात विकायला आणायचं, या लांबलचक फेऱ्याला त्यांनी मुळातच हात घातला. हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस शेजारी, वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ, १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे दाराशी. सूत घेणारे विणकर तर शहरातच होते. पूर्व नागपुरातले कोष्टी आणि गावोगावचे महार विणकर हातमागावर बसलेलेच होते, त्यांना सूत हवंच होतं. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. एवढ्या लांबलचक नावात नागपूर कुठंच नाही, हे मला नेहमी खटकतं. लोकांनी मात्र ते नाव कधी तोंडात येऊच दिलं नाही. त्यांच्यासाठी ती एम्प्रेस मिलच राहिली.

जमीन दलदलीची होती. खड्डे बुजवायलाच गाड्यांमागून गाड्या माती ओतावी लागली. इथली एक गोष्ट टाटांच्या चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितलं तर त्यानं नकार दिला. सोन्यासारखा पैसा चिखलात पुरणाऱ्या माणसाला मी काय देऊ, असा त्याचा सूर होता. पुढं मिल भरभराटीला आल्यावर त्याच गृहस्थानं कबूल केलं की या माणसानं सोनं पुरलं नाही, माती टाकली आणि सोनं काढलं. ही गोष्ट सहसा सावकाराची खोड मोडल्यासारखी सांगतात. मला त्यात सावकाराचा मोठेपणा अधिक दिसतो. आपलंच वाक्य उलटं फिरवून, त्याच शब्दांत, चारचौघांत दुरुस्त करणारा माणूस विरळा. आणि व्यवहाराच्या दृष्टीनं त्याचा पहिला नकारही चुकीचा नव्हता. सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली होती आणि सूत हलक्या प्रतीचं निघत होतं. जमशेटजींना ती यंत्रं काढून चांगली बसवावी लागली.

यंत्रांबद्दल फार सांगत नाही, एकच गोष्ट सांगतो. मिलचे तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी लँकेशायरचे. थ्रॉसल आणि म्यूल या जुन्या कताई यंत्रांच्या ऐवजी रिंगच्या चात्या त्यांनी १८८० च्या दशकात इथं आणून चालवून पाहिल्या. त्या काळी खुद्द लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या म्यूलला चिकटून होते. बर्डीच्या टेकडीखाली मात्र नव्या चात्या फिरू लागल्या होत्या आणि ब्रुक्सबी त्यांचा वेग वाढवत नेत होते. नागपूरनं त्या वेळी इंग्लंडची वाट पाहिली नाही, याचं कौतुक मला आजही वाटतं.

खरा रस पुढं आहे, माणसांच्या मांडणीत. मिलचा कारभार ज्यांच्या हाती होता ते बेझनजी दादाभाई मेहता आधी जी.आय.पी. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात होते. मालगाड्यांची वेळ सांभाळलेल्या या माणसासमोर असे मजूर आले ज्यांचा दिवस आजवर उन्हावर, पेरणीवर आणि सणावर चालत आला होता. चार पैसे हाताशी आले की माणूस घरी बसे. कुठल्याही दिवशी पाचांतला एक जण कामावर नसे. भोंगा वाजे, साचे सुरू होत आणि काही साच्यांपुढं कोणीच नसे. त्या काळच्या मालकांना यावर एकच औषध ठाऊक होतं, दंड. पगारातून कापायचं, नाहीतर काढून टाकायचं.

बेझनजी आणि जमशेटजींनी बक्षिसं ठेवली. वर्षातून एक दिवस मिलमध्ये समारंभ व्हायचा, खेळ व्हायचे, कामगारांची बायकामुलं यायची आणि नेमानं, चोख काम करणाऱ्यांना सर्वांसमक्ष वस्तू दिल्या जायच्या. घड्याळं, साखळ्या, दंडातली कडी, कापडाचे तागे. या यादीवर मी थोडा रेंगाळतो, कारण ती नीट विचार करून केलेली आहे. तागा रोजच्या गरजेचा. कडं आणि साखळी ही घरातली पुंजी, अडीनडीला गहाण पडणारी आणि बायकोच्या किंवा आईच्या पेटीत जाणारी. म्हणजे बक्षीस एकट्या माणसाला न मिळता घराला मिळे. आणि घड्याळ? वेळ कामगाराकडून मागायची होती, तर मिलनं ती आधी त्याच्या हातावर ठेवली. तोवर वेळ मिलची होती, भोंग्यातून येणारी, वरून हुकूम सोडणारी. कमरेला बांधलेल्या घड्याळामुळं भोंगा उशिरा वाजला की लवकर हे कामगारालाही ताडून पाहता येऊ लागलं. ज्यानं हे बक्षीस निवडलं त्याच्या मनात एवढं सगळं असेलच असा माझा दावा नाही. पण चांगल्या रचनेतून रचणाऱ्याच्या हेतूपेक्षा जास्त काही निघतं, आणि ते वाचायचा हक्क वाचणाऱ्याला असतो.

हाच विचार पुढच्या दोन गोष्टींतही दिसतो. १८८६ मध्ये मिलनं पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देऊ केली. देशात अपघाताच्या भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये. या तारखा नुसत्या पुढं-मागं म्हणून वाचू नयेत. १८८६ सालचा हजेरीपटावरचा मजूर हा मालकाच्या दृष्टीनं आजच्या पाळीपुरता माणूस होता. पेन्शन म्हणजे त्याला म्हातारपण आहे हे मालकानं लिहून मान्य करणं. अपघाताची भरपाई म्हणजे त्याला शरीर आहे, त्यातलं बोट साच्यात गेलं तर परत येत नाही आणि त्या बोटाची किंमत त्याच्या एकट्याच्या नशिबावर टाकता येत नाही, हे मान्य करणं. हवा खेळती राहावी आणि धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, आगीसाठी छताला पाण्याचे फवारे लावले. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या दिवसांत साचेखात्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला या यंत्रांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल. ती धाग्यासाठी आणली होती हेही खरंच, पण माणूस आणि धागा यांचं हित जिथं एकत्र येतं तिथं मालकानं ते ओळखलं, याला मी दाद देतो.

आता घरांकडे वळू. हा या रचनेतला सगळ्यात उशिरा लिहिलेला आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग.

मिल सुरू होऊन चाळीसहून अधिक वर्षं लोटली तरी कामगार राहत होते ते जुन्या शहराच्या गल्ल्यांत, तलावाच्या आणि नाल्यांच्या काठच्या झोपड्यांत, जातीजातीच्या पुऱ्यांत. १९२० च्या दशकात कंपनीनं शहराच्या उत्तरेला, कामठीच्या वाटेवर, इंदोऱ्याला सरकारकडून सुमारे दोनशे एकर जमीन पट्ट्यानं घेतली आणि कामगारांसाठी वसाहत आखली. त्याच दशकात मुंबईत सरकारच्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटनं बांधलेल्या बीडीडी चाळी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे इंदोरा काय आहे ते लख्ख कळतं. मुंबईत तळमजला आणि वर तीन मजले अशी ऐंशी खोल्यांची काँक्रीटची इमारत. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, सगळ्या सारख्या, संडास सामाईक, भाडं महिन्याचं महिन्याला. घर बांधून तयार, माणसानं फक्त आत शिरायचं.

इंदोऱ्याला कंपनीनं आधी जमीन आखली. रस्ते आणि पाण्याची सोय केली आणि प्लॉट पाडले. मग कामगाराला सांगितलं, कर्ज देतो, तुझं घर तू बांध. ज्याला ते झेपत नसेल त्यानं कंपनीनं बांधलेलं घर हप्त्यानं घ्यावं. हप्ते फिटले की घर त्याचं. आणि एक नियम: प्लॉटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच बांधायचं, बाकी मोकळं ठेवायचं.

या नियमात मला या सगळ्या रचनेचा प्राण दिसतो. जागा महाग, कामगार हजारो, घरांची मागणी प्रचंड. हिशेबी माणूस तीनही हिस्से बांधून तिप्पट कुटुंबं बसवील. इथं दोन हिस्से कोणाच्याही हिशेबात न धरता सोडले आहेत. आणि ते काय म्हणून सोडले हे नागपूरच्या माणसाला विचारावं. पुढं अंगण, मागं सांदवाडी. उन्हाळ्यात बाजा बाहेर काढून अख्खं घर तारे पाहत झोपतं. चैत्र-वैशाखात कुरडया आणि सांडगे वाळतात. एखादी शेळी, दोन कोंबड्या, कडुनिंब, शेवग्याचं झाड. पोरीच्या लग्नाचा मांडव दारातच पडतो आणि म्हातारा गेला तर तिरडीही दारातच बांधली जाते. गावाकडून आलेल्या माणसाचं निम्मं जगणं उघड्यावर होतं, आणि चाळीची खोली नेमकं तेच निम्मं कापून टाकते. इंदोऱ्याच्या आखणीनं ते कापलं नाही. काय करायचं ते सांगितलं नाही, फक्त जागा ठेवली. सावकार, अंमलदार किंवा इंजिनियर कोणीही लिहू शकला नसता असा मजकूर त्या दोन हिश्श्यांत प्रत्येक घरानं आपापल्या अक्षरात लिहिला.

वस्तीत काम करायला कंपनीनं वाय.एम.सी.ए.ला आणलं. रात्रशाळा, खेळ, औषधपाणी ही कामं त्यांनी पाहिली. मिलमध्ये कामाला येणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघरं निघाली. यावर अधिक लिहिण्यासारखं आहे, पण माझा ओढा घराकडेच आहे.

दोष लपवून रसग्रहण होत नाही. पहिला दोष उशिराचा. घड्याळ मिळायला थोडी वर्षं लागली, घराला दोन पिढ्या लागल्या. दुसरा दोष अधिक खोल आहे. बक्षीस, फंड आणि प्लॉट या तिन्ही मालकाच्या मनात आलेल्या चांगल्या गोष्टी होत्या. चांगुलपणा वरून खाली येतो तेव्हा मागायचा हक्क त्यात धरलेला नसतो. पगार किती आणि पाळी किती तासांची, हे प्रश्न समारंभाच्या मांडवात विचारता येत नव्हते. ते विचारायला कामगारांना संघटना बांधावी लागली, रा. स. रुईकरांसारखे पुढारी लागले, संप लागले. एम्प्रेसच्या इतिहासात १९२० नंतरचे संप हे मिलच्या उदारपणाला लागलेलं गालबोट म्हणून सांगणारे लोक आहेत. माझं मत उलटं आहे. ज्या माणसाच्या हातात घड्याळ दिलं, त्यानं एक दिवस कामाचे तास मोजायला लागणं यात चुकलं काय? मला तर ते त्या बक्षिसाचं सार्थक वाटतं.

आणि या आखणीत न आलेलं नागपूर फार मोठं होतं. ते वाचायला पुन्हा बर्डीतच यावं लागतं. टेकडीच्या पायथ्याशी, याच सीताबर्डीत महारपुरा होता, पुढं त्याला आनंदनगर म्हणू लागले. १९३२ मध्ये जन्मलेले वसंत मून तिथं वाढले. पुढं महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून छापलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या खंडांचं संपादन त्यांनी केलं. त्यांचं आत्मकथन १९९५ मध्ये आलं आणि त्याचं नाव ‘वस्ती’. गेल ऑम्वेट यांनी ते इंग्रजीत नेलं. दलित आत्मकथनांत इतकं भरलेलं, इतकं माणसांनी गजबजलेलं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. त्यात भूक आहे, आईचे कष्ट आहेत, अपमान आहे. पण लेखक स्वतःला मध्यभागी ठेवत नाही. नायक आहे ती वस्ती. आखाडे आणि पैलवान, खेळ आणि भांडणं, समता सैनिक दलाची शिस्त, सभा, मोर्चे, शिकणारी पोरं आणि त्यांना शिकवणारी थोरली पोरं, हे सगळं एका दमात येतं. ‘मी’ म्हणायची जागा आली की मून ‘आम्ही’ म्हणतात, आणि ते मुद्दाम केल्यासारखं वाटत नाही.

इंदोरा आणि महारपुरा हे दोन मजकूर शेजारी ठेवले की दोन्ही अधिक कळतात. इंदोऱ्याच्या आखणीचं माप एक कुटुंब, त्याचा प्लॉट, त्याचं अंगण. महारपुऱ्याला कोणी आखलं नव्हतं. तिथं घराला अंगण नसेल, पण अख्ख्या वस्तीचं एक अंगण होतं आणि माणसं तिथं एकमेकांना घडवत होती. एम्प्रेसच्या साच्यांवर उभी राहणारी कितीतरी माणसं अशाच पुऱ्यांतून येत होती. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीला जे बळ मिळालं, त्यात महिन्याचा रोख पगार घेणाऱ्या, गावच्या पाटलाच्या आणि बलुत्याच्या पकडीतून सुटलेल्या मिलमजुराचा वाटा फार मोठा. १९४२ च्या जुलैत दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद याच शहरात भरली आणि तिच्या जोडीला स्त्रियांची वेगळी परिषदही झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती याच शहरात. कंपनीनं शिस्तीचे मजूर राहावेत म्हणून वसवलेला इंदोरा आज बौद्ध नागपूरचं एक मोठं केंद्र आहे. तिथल्या बुद्धविहाराचं नाव देशाबाहेरही पोचलं आहे. जपानहून आलेले भदंत सुरई ससाई तिथलेच झाले. आखणाऱ्यानं मोकळ्या सोडलेल्या जागेत माणसं काय लिहितील हे आखणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि इंदोऱ्यानं तर त्यात आपला धर्म लिहिला.

एकीच्या पाच गिरण्या झाल्या, बेझनजींचं नाव बेझनबाग या वस्तीला मिळालं, आणि मग उतार लागला. १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळानं मिल ताब्यात घेतली. २००२ मध्ये ती बंद झाली. कामगारांना आपल्या थकलेल्या पैशांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आपल्या देशात बंद पडलेल्या कारखान्यांच्या वसाहती पाहिल्या की एकच चित्र दिसतं. क्वार्टर नोकरीबरोबर मिळालेलं असतं, म्हणून नोकरीबरोबर जातं. घड्याळाचा कारखाना असो, सुताचा असो की लोखंडाचा, नोटीस आली की पन्नाशीतल्या माणसाला एकाच महिन्यात पगार आणि छप्पर दोन्ही सोडावं लागतं.

इंदोऱ्यात ज्यांच्या बापानं नाहीतर आज्यानं हप्ते फेडले होते, त्यांचं घर मिलच्या ताळेबंदात नव्हतंच. मिल विकली गेली तेव्हा ते विकता आलं नाही. पुढच्या पिढ्यांनी त्या मोकळ्या दोन हिश्श्यांत खोल्या काढल्या, वर मजले चढवले, खाली दुकान टाकलं, भाडेकरू ठेवले. पगार थांबल्यावर काहींची चूल त्या भाड्यावर पेटत राहिली. अंगण गेलं याची हळहळ कोणाला वाटत असेल तर वाटो, मला वाटत नाही. ते अंगण मोकळं होतं, म्हणूनच अडीअडचणीला कामी आलं.